तंबोरा विकून झाल्यावर

वाचकाचे पत्र (थोडे संक्षिप्त करून) :

"सादर नमस्कार. आम्ही मिरजेचे. तंबोरे आणि सतारी करण्याचे काम आमच्या घरात चार पिढ्यांपासून चालू आहे. वडील ६७ वर्षांचे आहेत, चुलते ६१ चे, आणि पन्नाशी ओलांडलेला एक कारागीर आमच्याकडे आहे. मी ३४ वर्षांचा असून पुण्यात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत नोकरी करतो. वर्षाला साधारण ३० वाद्ये होतात आणि ती जवळपास सगळी पुण्या-मुंबईच्या चार दुकानदारांना जातात. एका तंबोऱ्याचे दुकानदार १८,००० रुपये देतो, तेही चार-पाच महिन्यांनी. भोपळा, लाकूड, तारा, पॉलिश धरून ७,२०० रुपयांचा माल लागतो आणि एका माणसाच्या हिशेबाने २४ दिवस जातात. तोच तंबोरा दुकानात ३४,००० ला लावलेला मी स्वतः पाहिला आहे. मोबाइलवरच्या तंबोऱ्याने मागणी निम्म्यावर आणली, असे वडील म्हणतात. पुतण्याने कुपवाडच्या एमआयडीसीत नोकरी धरली. बहीण गाण्यात विशारद आहे, पण कारखान्यातल्या कामाशी तिचा काही संबंध नाही. मी नोकरी सोडून गावी यावे का? दांडी कोरण्याचे यंत्र आणि हमरस्त्यावर मोठे दालन यांसाठी दहा लाखांचे कर्ज घ्यावे, असे मनात आहे. मिरजेच्या वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आम्हाला काय उपयोग? वडिलांचे एकच उत्तर असते : पोटापुरते मिळते आहे, उगाच ढवळू नकोस."

प्रिय वाचक,

नमस्कार. तुमच्या पत्रात आकडे आहेत, त्यामुळे उत्तर लिहिणे सोपे गेले. धंदा बसत चालल्याची जी पत्रे माझ्याकडे येतात त्यांत बहुधा हळहळ असते, सरकारवर राग असतो, नव्या पिढीवर त्याहून जास्त राग असतो. एका नगामागे किती दिवस गेले आणि हातात किती उरले, हे मात्र कोणी लिहीत नाही. तुम्ही लिहिलेत, तर आधी तेच मांडू. १८,००० मधून ७,२०० वजा केले की १०,८०० उरतात, आणि त्यांना २४ ने भागले की दिवसाला ४५० रुपये पडतात. आयुष्यभर भोपळ्याला आणि लाकडाला हात लावलेल्या माणसाची ही मजुरी झाली, आणि तिच्यात जागा, वीज, हत्यारांची झीज, पाच महिने अडकून पडलेल्या पैशाचे व्याज यांपैकी काहीही धरलेले नाही. पुतण्या कुपवाडला का गेला याचे उत्तर या भागाकारात आहे. त्याला कलेची कदर नाही, असे कृपा करून घरात कोणी म्हणू नये.

आता मोबाइलबद्दल. वडील म्हणतात ते खोटे नाही. इलेक्ट्रॉनिक तंबोरा १९८० च्या दशकापासून घरोघर शिरला, त्यापाठोपाठ तो फोनमध्ये आला, आणि नव्याने गाणे शिकू लागलेल्या मुलासाठी पहिला तंबोरा विकत घेण्याची जी रीत होती ती त्याबरोबर गेली. ते गिऱ्हाईक आता परत येणार नाही आणि त्याच्यामागे धावण्यात शक्ती घालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र मागणी घटली हे कारण पुढे केले की दुसरे एक कारण झाकले जाते. तुमचा तंबोरा आजही ३४,००० रुपये मोजून कोणीतरी घेतेच आहे. तो कोण आहे, कुठल्या गावचा आहे, कोणत्या पट्टीत, काळी एकला गातो की काळी पाचला, हे तुम्हाला ठाऊक नाही, आणि वाद्य कोणाच्या हातचे आहे हे त्याला ठाऊक नाही. माझ्या मते तुमच्या घरच्या धंद्याचे खरे दुखणे हे आहे, आणि त्यावर इलाज करणे अजून तुमच्या हातात आहे.

येथे थोडे घरचे सांगतो. माझ्या मावशीकडे मिरजेचा एक जनानी तंबोरा होता. काही वर्षांनी तो बसका वाजू लागला. चारही तारा नव्या घातल्या तरी सुरात ती झणझण येईना. ओळखीच्या कोणीतरी एका कारागिराला घरी आणले. त्याने वाद्य मांडीवर आडवे घेतले, तारा पूर्ण न काढता सैल करून बाजूला सरकवल्या, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या माथ्यावर एवढीशी कानस चार-पाच वेळा अलगद फिरवली, बोटाने चाचपून पाहिले, तार चढवली, छेडली, डोळे मिटून ऐकले, नकारार्थी मान हलवली आणि पुन्हा तार सैल केली. असे कितीतरी वेळा झाले. शेवटी तारेखालचा दोरा त्याने केसभर मागे-पुढे केला आणि एका क्षणी सगळी खोली सुराने भरून गेली. मावशीच्या डोळ्यांत पाणी आले, त्याने मागितले तेवढे पैसे तिने दिले, आणि तो गेला. पाच-सहा वर्षांनी पुन्हा तीच वेळ आली तेव्हा त्याचे नाव, पत्ता, कशाचीच नोंद घरात नव्हती. तंबोऱ्यावर चिठ्ठी होती ती दुकानाची, आणि ते दुकान तोवर बंद झालेले होते. पुढे तो तंबोरा कोपऱ्यात उभा राहिला, त्यावर खोळ चढली, आणि मावशी फोनवरच्या तंबोऱ्यावर रियाज करू लागली.

तुमचे एक गिऱ्हाईक फोनने पळवले असेही याला म्हणता येईल, पण आधी ते कोणीतरी वाऱ्यावर सोडले होते, हे विसरून चालणार नाही. तारेच्या घर्षणाने घोडीवर चरा पडणे हा वाद्याचा स्वभावच आहे. तार घोडीच्या उतरत्या गोलाईवरून जाताना तिला पुसटशी घासत राहते म्हणून तो भरलेला सूर निघतो, आणि त्याच घासण्याने ती गोलाई झिजते. म्हणजे चांगला तंबोरा जितका वाजवावा तितकी त्याला जवारी काढणाऱ्याची, म्हणजे ती गोलाई पुन्हा नीट घासून देणाऱ्याची, गरज अधिक पडते. वाद्य तीस-चाळीस वर्षे टिकते, त्यामुळे ते घरात एकदाच विकले जाते. जवारी त्या काळात किती वेळा काढावी लागेल याचा हिशेब तुमचे वडील माझ्यापेक्षा नेमका सांगतील. आजवर तुमच्या घरातून बाहेर पडलेली हजारभर तरी वाद्ये महाराष्ट्र-कर्नाटकात कुठे ना कुठे उभी असतील, आणि त्यांतल्या बहुतेकांचा पत्ता तुमच्याकडे नाही.

मिरजेचा धंदा मुळात उभा राहिला तोही दुरुस्तीतून, ही गोष्ट वडिलांना नव्याने सांगायला नको. हत्यारांना धार लावणारी शिकलगार मंडळी, पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने गावात गाणे वाढलेले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेबांसारख्या कसबी माणसाकडे गवयांची बिघडलेली वाद्ये येऊ लागलेली. दुरुस्ती करता करता वाद्य कळले आणि मग ते बनवले गेले, असाच तो इतिहास सांगितला जातो. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर, त्यांच्याकडे शिकलेले विष्णु दिगंबर पलुसकर, पुढे मिरजेत स्थायिक झालेले आणि १९३७ मध्ये निधन पावलेले अब्दुल करीम खाँ, ही गवई मंडळी सतारमेकर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर वावरत होती. वाद्य कसे लागते आहे हे करणाऱ्याला गाणाऱ्याच्या तोंडून कळत होते. आता मधे दुकान आले आहे, आणि दुकानदार 'चार मर्दानी, दोन जनानी पाठवा' एवढेच कळवतो.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की नवे काही करण्याआधी या वर्षी एक वही घाला. येथून पुढे कारखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक वाद्याला क्रमांक द्या. भोपळा कोणत्या सालचा, दांडीचे लाकूड (तूण) कोठून आणले, घोडी कशाची, तबली (भोपळ्यावरची लाकडी पाटी) कोणी लावली, जवारी कोणी काढली, कोणत्या सुरासाठी बांधले, एवढे त्या क्रमांकापुढे लिहा. आणि पॉलिश करण्यापूर्वी दांडीच्या मागे सहज दिसणार नाही पण शोधले तर सापडेल अशा जागी घराचे नाव, क्रमांक आणि संपर्काचा क्रमांक कायमचा कोरा. कागदी चिठ्ठी नको, ती दुकानदार काढून टाकतो. कोरलेले नाव काढायचे तर पॉलिश खरवडावे लागेल, आणि त्याने वाद्याची किंमत उतरते हे त्यालाही कळते. तो कुरकुर करील, एखादा कदाचित तुमच्याकडून माल घेणे थांबवील. त्याची तयारी ठेवावी लागेल, आणि म्हणूनच चौघांपैकी ज्याची उधारी सर्वात जास्त काळ लटकते त्याच्यापासून सुरुवात करावी, असे मी सुचवीन.

त्याच वहीच्या दुसऱ्या बाजूने जुन्या वाद्यांची यादी करा. गावोगावचे गायनशिक्षक, संगीत विद्यालये, भजनी मंडळे, नाट्यगृहे, आणि मिरजेशी जुने नाते असलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा जेथे होतात ती केंद्रे, यांच्याकडे वाद्ये आहेत आणि त्यांतली कितीतरी बसकी झालेली आहेत. पावसाळ्यात लाकूड आणि भोपळा ओल धरतात, खुंट्या फुगतात, सांधे सैल पडतात. दिवाळीनंतर मैफिलींचा हंगाम सुरू होतो आणि डिसेंबरमध्ये पुण्यात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव असतो. त्यामुळे सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंतचे दिवस दुरुस्तीच्या फेऱ्यांसाठी उत्तम. एक फेरी सांगली, कोल्हापूर, इचलकरंजीची. एक कराड, सातारा, पुण्याची. आणि एक बेळगाव, धारवाड, हुबळीची, कारण धारवाडच्या पट्ट्यात घरोघर गाणे आहे आणि मिरजेहून रेल्वे थेट जाते. आधी तारखा कळवा, एका गावात एका शिक्षकाच्या घरी किंवा विद्यालयाच्या खोलीत दोन दिवस बसा, आणि आसपासची वाद्ये तेथे मागवा.

यातून काय मिळेल ते तुमच्याच पद्धतीने मांडतो. वर्षात १२० वाद्यांची जवारी काढली, दर ८०० रुपये ठेवला आणि अर्ध्या दिवसाला एक वाद्य धरले, तर ६० दिवसांत ९६,००० रुपये येतात. प्रवास आणि मुक्कामाचे २४,००० काढले तरी ७२,००० राहतात, म्हणजे दिवसाला १,२००. नवे वाद्य बनवण्याच्या ४५० शी ताडून पाहा. पैसे रोख मिळतात, माल जवळजवळ लागत नाही, आणि १२० घरांचे पत्ते वहीत येतात, हा तिसरा फायदा मला पहिल्या दोहोंपेक्षा मोठा वाटतो. या घरांपैकी काहींना पुढे नवे वाद्य हवे असेल, विद्यार्थ्यासाठी लहान तंबोरी हवी असेल, विमानातून नेता येईल असा भोपळ्याशिवायचा पेटीसारखा तंबोरा हवा असेल. आणि ते विचारतील तुम्हाला.

थेट विक्रीचेही गणित पाहा. दुकानाच्या ३४,००० ऐवजी तुम्ही २९,००० घ्या आणि दोन वर्षे जवारी आमच्याकडे, असे लिहून द्या. माल ७,२००, खोका आणि वाहतूक २,०००, दोन वर्षांच्या जवारीपोटी बाजूला ठेवायचे १,८०० वजा केले तर १८,००० राहतात, म्हणजे त्याच २४ दिवसांचे दिवसाला ७५०. तीसपैकी केवळ सहा वाद्ये अशी गेली तरी वर्षाला ४३,२०० रुपये वाढतात. पहिल्या वर्षी सहापेक्षा जास्त जातील असे मी धरणार नाही, तुम्हीही धरू नका. बाकीची चोवीस दुकानांतूनच जातील, त्यामुळे दुकानदारांशी भांडून तोडण्यात शहाणपण नाही.

मात्र त्यांच्या उधारीला शिस्त लावता येईल. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) केली नसेल तर ती विनामूल्य होते, आजच करा. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे अशा नोंदणीकृत लहान उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसला तर १५ दिवसांत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या महिन्याला चक्रवाढ होणारे व्याज लागते. ज्याच्याकडून पुढची ऑर्डर हवी त्याच्यावर दावा कोण लावणार, हे तुम्ही म्हणण्याआधी मीच म्हणतो. त्यासाठी प्राप्तिकर कायद्यात २०२४ पासून लागू झालेली तरतूद अधिक कामाची आहे : सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे मुदतीत दिले नाहीत आणि आर्थिक वर्ष संपले, तर तो खर्च दुकानदाराला त्या वर्षाच्या हिशेबात वजा दाखवता येत नाही, आणि त्याचा कर वाढतो. बिलावर उद्यम क्रमांक आणि '४५ दिवसांत देय' एवढे छापा. तुम्हाला काही बोलावे लागणार नाही. मार्च जवळ आला की त्याचा हिशेबनीसच त्याला आठवण करील.

जीएसटीची भीती तुम्ही पत्रात घातलेली नाही, तरी दुरुस्ती सुरू करणार म्हणून एक वाक्य लिहितो. हाताने बनवलेल्या देशी वाद्यांची एक यादी करमुक्त आहे आणि तंबोरा, सतार तीत आहेत. दुरुस्ती ही सेवा धरली जाते, आणि करमुक्त विक्रीसह एकूण उलाढाल २० लाखांच्या पुढे जाईपर्यंत त्यासाठी नोंदणी लागत नाही. तुमची उलाढाल आज साडेपाच लाखांच्या आसपास दिसते, तेव्हा तूर्त निर्धास्त राहा.

आता कर्ज. दहा लाख घेऊ नका. दांडी कोरण्याच्या यंत्राला माझा तात्त्विक विरोध नाही. लाकडाचे ओबडधोबड पोखरकाम यंत्राने केले तर तुमच्या कारागिराच्या खांद्याला आराम मिळेल आणि सुरात फरक पडणार नाही. पण २४ दिवसांचे १९ दिवस झाले म्हणून दुकानदार तीसऐवजी अडतीस वाद्ये घेणार आहे का? घेतली तरी भाव पाडून घेईल, आणि तुम्ही वाचवलेले पाच दिवस त्याच्या खिशात जातील. शिवाय करमाफी आणि नाव दोन्ही 'हाताने बनवलेले' या शब्दांवर उभे आहेत, तेव्हा यंत्र कोठपर्यंत चालवायचे हेही ठरवावे लागेल. ज्या धंद्यात अडचण माल बनवण्याची नसून मोबदल्याची आहे, तेथे यंत्राने अडचण फार तर लवकर गाठता येते. दालनाबद्दल तर मी अधिक कठोरपणे लिहीन. हमरस्त्यावरून जाणारा माणूस तंबोरा पाहून गाडी थांबवत नाही. ज्याला वाद्य हवे असते तो दोनशे किलोमीटरवरून बोळात शिरून येतो आणि कारखान्यात भोपळ्यांची उतरंड, लाकडाचा भुसा आणि पॉलिशच्या चपड्याचा वास पाहून त्याची खात्री पटते. तुमचा कारखाना झाडून, एक सतरंजी घालून, दोन लागलेले तंबोरे भिंतीला उभे करून ठेवा. खर्च एका दिवसाचा आहे.

मानांकनाचा प्रश्न तुम्ही थोड्या उपरोधाने विचारला आहे, आणि तो उपरोध पूर्णपणे अनाठायी नाही. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला स्वतंत्रपणे भौगोलिक मानांकन मिळाले. सतारीचे मिरज म्युझिकल इन्स्ट्रुमेंट्स क्लस्टरच्या नावे आणि तंबोऱ्याचे सोलट्यून म्युझिकल इन्स्ट्रुमेंट प्रोड्युसर फर्मच्या नावे. परंतु १९९९ च्या कायद्यात दोन पायऱ्या आहेत, आणि बहुतेक गावांत मंडळी पहिल्या पायरीचा सत्कार करून थांबतात. मानांकन संस्थेच्या नावे होते. त्याचे चिन्ह स्वतःच्या मालावर लावण्याचा अधिकार हवा असेल तर प्रत्येक कारागिराला अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते. ती तुमच्या घरातून वडिलांच्या आणि चुलत्यांच्या नावे करा, दोन्ही वाद्यांसाठी करा. ती झाली की गिऱ्हाईक दारात येईल, असा समज करून घेऊ नका. दुसऱ्या कुठल्या गावचा माल मिरजेचा म्हणून विकला जात असेल तर हरकत घेता येते आणि तुमच्या कोरलेल्या क्रमांकाला कागदाचा आधार मिळतो, एवढाच तिचा उपयोग, आणि वहीशिवाय तोही अर्धाच.

योजनांबद्दल थोडक्यात. पीएम विश्वकर्मा योजनेत २०२३ पासून १८ व्यवसाय आहेत. पाच टक्के व्याजाने आधी एक लाख आणि मग दोन लाखांचे कर्ज, आणि अवजारांसाठी १५,००० रुपये मिळतात. वाद्य बनवणारा असा वेगळा व्यवसाय त्या यादीत नाही, सुतार आहे. तुमचे काम त्यात बसते का हे नोंदणी करताना आहे तसे सांगून विचारा, बसवण्यासाठी काही खोटे लिहू नका. केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्त कार्यालयाचे 'पहचान' ओळखपत्र मात्र काढून ठेवाच, कारण प्रदर्शनांत जागा मिळण्यासाठी ते मागतात.

भोपळ्याचा विषय तुम्ही एका शब्दात उरकला आहे, आणि मला त्याची काळजी जास्त वाटते. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला भीमेकाठी पिकणारा तो मोठा, जाड सालीचा कडू भोपळा शेतकरी तुमच्यावर उपकार म्हणून लावत नाही. उसाला कारखाना पैसे देतो हे त्याला ठाऊक असते. भोपळ्याला कोण किती देणार हे पीक हाती येईपर्यंत ठाऊक नसते, आणि मधे अवकाळी पाऊस झाला तर वेलच जातो. एकट्या तुमच्या घराला वर्षाला तीस-चाळीस भोपळे लागतात, तेवढ्यासाठी कोणी ऐकणार नाही. गल्लीतल्या आठ-दहा घरांनी मिळून एका-दोन शेतकऱ्यांशी पेरणीपूर्वी नग आणि भाव ठरवला, थोडी उचल दिली आणि माल सगळा उचलण्याची हमी दिली, तर गोष्ट वेगळी होते. वाद्ये विकताना तुम्ही एकमेकांचे स्पर्धक आहात. भोपळा, तूण आणि तारा घेताना स्पर्धक असण्याचे काही कारण नाही. कर्ज काढायचेच असेल तर दोन वर्षांचे भोपळे वाळवून ठेवण्यापुरते काढा.

आणि आता तुमच्या बहिणीविषयी. तिचा कारखान्याशी संबंध नाही, हे तुम्ही लिहिलेले वाक्य मी दोनदा वाचले. ज्या घराचा सगळा धंदा सूर लागण्यावर उभा आहे, त्या घरातल्या विशारद झालेल्या मुलीचा त्याच्याशी संबंध नाही, हे कोणी ठरवले? जवारी हाताइतकीच कानाने काढायची असते. बाहेर जाणारे प्रत्येक वाद्य तिने लावून, दहा मिनिटे त्यावर गाऊन मगच बांधायचे, असा नियम करा. गिऱ्हाईक कोणत्या पट्टीत गाते हे फोनवर विचारून घेण्याचे आणि वही ठेवण्याचे काम तिला जमले तर ते पगारावर द्या, घरचे म्हणून फुकट नको. तिला कानस हातात घ्यायची इच्छा असेल तर वडिलांनी शिकवावी. परंपरेत बायका बसत नव्हत्या हे खरे आहे. परंपरेत पुतणेही कुपवाडला जात नव्हते.

शिकवण्याचा प्रश्न तुमच्या कारागिरालाही लागू आहे. नवा मुलगा टिकत नाही याचे कारण पहिली दोन वर्षे त्याला हातखर्चापुरतेच पैसे मिळतात, आणि शिकवणाऱ्याचे दिवसाचे काम कमी होते म्हणून तोही नाखूश असतो. दुरुस्तीच्या उत्पन्नातून कारागिराला शिकवण्याचे वेगळे पैसे द्या, आणि मुलाला आधी तारा चढवणे, खुंट्या बसवणे, पॉलिश अशी लवकर येणारी कामे शिकवा, म्हणजे तो सहा महिन्यांत फेरीला बरोबर येऊन स्वतःचा पगार मिळवू लागेल. जवारी वर्षानुवर्षांनी येईल.

राहिला तुमच्या नोकरीचा प्रश्न. आत्ता सोडू नका. वर मांडलेल्या सगळ्याची बेरीज केली तरी पहिल्या वर्षी घराचे उत्पन्न साधारण सव्वा लाखाच्या आत वाढते, आणि तेवढ्यावर तुमचा पगार सुटला तर वर्षभरात तुम्ही वडिलांवर आणि वडील तुमच्यावर चिडलेले असाल. पुण्यात तुम्ही आहात हा तूर्त फायदाच आहे. सर्वात जास्त वाद्ये आणि सर्वात जास्त गाणारे तेथे आहेत. शनिवार-रविवार पुण्याची यादी करा, पुण्याच्या फेरीला सुटी काढून वडिलांबरोबर बसा. दुसऱ्या हंगामानंतर थेट जाणारी वाद्ये बारापर्यंत पोहोचली आणि दुरुस्तीचे काम चुलत्यांना एकट्याने आवरेनासे झाले, तर परत येण्याचा विचार करा, तेव्हा मला पुन्हा लिहा.

वडील ढवळू नकोस म्हणतात ते मी हट्ट समजत नाही. त्यांनी दुकानदारांशी तीस-चाळीस वर्षे संबंध राखले, मंदीतही कारागिराला घरी बसवले नाही, आणि तुमचे शिक्षण याच ४५० मधून केले. त्यांना योजना सांगू नका, हिशेब दाखवू नका. गणपती उठले की एक रविवार काढून त्यांना त्यांच्याच हातच्या एखाद्या जुन्या तंबोऱ्याकडे घेऊन जा. कोणाकडे आहे ते त्यांना आठवत असेल. कानस आणि दोरा बरोबर असू द्या. परत येताना त्या घराचा पत्ता वहीच्या पहिल्या पानावर त्यांच्याच अक्षरात लिहून घ्या, आणि नोव्हेंबरअखेर त्या वहीत किती घरे झाली तो आकडा मला कळवा.